‘रिकामा’ आणि ‘निकामी’ : अर्थ, प्रयोग आणि गल्लत

१

उच्चाराने जवळचे असलेले दोन शब्द अर्थानेही जवळ येऊ लागतात, हा भाषाव्यवहारातील नित्याचा अनुभव आहे. ‘रिकामा’ आणि ‘निकामी’ ही मराठीतील अशीच एक जोडी होय. दोन्ही शब्दांत ‘काम’ ऐकू येते, दोहोंतून कसला तरी अभाव सूचित होतो, आणि दोन्ही शब्द मनुष्य, वस्तू, जमीन व वेळ यांच्या संदर्भात वारंवार योजले जातात. त्यामुळे ‘जो रिकामा तो निकामी’ असे समीकरण ऐकणाऱ्याच्या मनात नकळत तयार होते. वस्तुतः ह्या दोन शब्दांची कार्ये भिन्न आहेत. पहिला शब्द स्थिती सांगतो. दुसरा निर्णय देतो. रिकामी वस्तू भरता येते, रिकाम्या माणसाला काम देता येते. निकामी ठरलेली वस्तू मात्र उपयोगाच्या कक्षेतूनच बाहेर टाकली जाते.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाही. जमिनीच्या नोंदी, जनगणनेची सदरे, रोजगाराचे कायदे अशा ठिकाणी स्थितिवाचक शब्दाच्या जागी निर्णयवाचक शब्द येऊन बसला, तर त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात प्रथम ह्या शब्दांची घडण व प्रयोग यांचा विचार केला असून, नंतर पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील रिहे आणि त्याभोवतीची मावळपट्टी हे क्षेत्र समोर ठेवून जमिनीविषयीच्या ‘पड’ व ‘पडीक’ ह्या समांतर जोडीची चिकित्सा केली आहे.

२

‘रिकामा’ हा शब्द संस्कृत ‘रिक्त’ ह्याच्या कुळातील आहे. त्याच कुळात मराठीचा ‘रिता’ हाही शब्द येतो. संस्कृत ‘रिक्त’, प्राकृत ‘रित्त’, मराठी ‘रिता’ अशी ती परंपरा. ‘रिता’ आणि ‘रिकामा’ यांचा मूळ अर्थ एकच, तो म्हणजे आत काही नसलेला. रिता घडा आणि रिकामा घडा यांत अर्थाचा फरक नाही. परंतु ‘रिता’ हा शब्द पुढे बहुतांशी भांडी, हात, मन यांपुरता मर्यादित राहिला व काव्यभाषेत स्थिरावला. ‘रिकामा’ मात्र व्यवहारात सर्वत्र संचारू लागला. रिकामे भांडे, रिकामी गाडी, रिकामी खुर्ची, रिकामे घर, रिकामा वेळ, रिकामा माणूस अशी त्याची व्याप्ती आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली, पोकळपणाचा आणि काम हाती नसण्याचा असे दोन्ही अर्थ ह्या शब्दाखाली नोंदले आहेत. रिकाम्या भांड्याला काही ‘काम’ नसते असे कोणी म्हणत नाही. यावरून पोकळपणाचा अर्थ आधीचा व बेकामपणाचा अर्थ त्यातून विस्तारलेला आहे, हे स्पष्ट होते. ज्याप्रमाणे भांड्यात पाणी नाही, त्याप्रमाणे ह्या माणसाच्या वेळात काम नाही, असा तो विस्तार.

‘निकामी’ची घडण निराळी आहे. संस्कृत ‘कर्मन्’, प्राकृत ‘कम्म’, मराठी ‘काम’ हा क्रम सर्वपरिचित आहे. सप्त, सत्त, सात किंवा हस्त, हत्थ, हात यांतही हाच नियम दिसतो. ह्या ‘काम’ला अभावदर्शक ‘नि’ जोडून ‘निकामी’ बनतो. हिंदीतील ‘निकम्मा’ हा ‘निष्कर्मन्’, ‘निक्कम्म’ ह्या मार्गाने आलेला त्याचा नातेवाईक होय. म्हणजे ‘निकामी’ शब्दात ‘काम’ खरोखरच आहे, आणि त्याचा अर्थ ‘उपयोग’ असा आहे. ‘हे माझ्या कामाचे नाही’ ह्या वाक्यात ‘काम’ ज्या अर्थाने येते, तोच तो अर्थ. ‘रिकामा’ शब्दात ‘काम’ ऐकू येते तेव्हा श्रोत्याच्या मनात दोन्ही शब्द एका घरचे ठरतात आणि गल्लतीला तेथूनच आरंभ होतो.

येथे आणखी एका साम्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. मराठीत ‘काम’ नावाचे दोन शब्द नांदतात. एक वर सांगितलेला, ‘कर्म’पासून झालेला तद्भव ‘काम’. दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, इच्छावाचक तत्सम ‘काम’. ‘निष्काम’ हा शब्द दुसऱ्या ‘काम’चा आहे. निष्काम मनुष्य फळाची इच्छा धरीत नाही, पण कर्म करतोच. निकामी वस्तू कर्माच्याच उपयोगाची राहत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडाले येथील तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मुख्य प्रतिपाद्य विषयच असा आहे की, निष्कामता म्हणजे कर्माचा त्याग नव्हे. एका उच्चारसाम्यामागे दोन परस्परविरुद्ध जीवनदृष्टी कशा दडलेल्या असू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

३

प्रयोगाच्या अंगाने पाहिले असता हा भेद अधिक उठून दिसतो. प्रथम रूपांचा विचार. ‘रिकामा’ हे विकारी विशेषण असून लिंगवचनानुसार बदलते : रिकामा, रिकामी, रिकामे. ‘निकामी’ अविकारी आहे : निकामी पंप, निकामी गाडी, निकामी यंत्र. ‘रिकामी’ ह्या स्त्रीलिंगी रूपात आणि ‘निकामी’त केवळ आद्याक्षराचा फरक उरतो. ‘रिकामी गाडी’ आणि ‘निकामी गाडी’ उच्चारताना एका वर्णाचे अंतर असते. गाडीच्या मालकाच्या दृष्टीने मात्र ते अंतर फार मोठे असते.

दुसरी कसोटी कालवाचक शब्दांची. ‘आज रिकामा’, ‘दुपारी रिकामा’, ‘सध्या रिकामा’ हे प्रयोग सहज होतात. ‘दुपारी निकामी’ असे कोणी म्हणत नाही. ‘रिकामा’ला ‘केव्हा’ हा प्रश्न विचारता येतो. ‘निकामी’ला ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारावा लागतो. रिकामपण काळाने मोजले जाते, निकामीपण प्रयोजनाने.

तिसरी कसोटी क्रियापदांची. ‘रिकामा’ हा ‘असणे’, ‘बसणे’, ‘राहणे’, ‘ठेवणे’, ‘करणे’ यांच्या संगतीत येतो : रिकामा बसला आहे, खोली रिकामी ठेवली, घर रिकामे करून दिले. ‘निकामी’ची संगत ‘होणे’, ‘करणे’ आणि विशेषतः ‘ठरणे’ यांच्याशी जमते : ब्रेक निकामी झाले, मूत्रपिंड निकामी झाले, औषध निकामी ठरले. ‘ठरणे’ ह्या क्रियापदात कोणीतरी ठरविणारा गृहीत असतो. हा ठरविणारा वाक्यात बहुधा दिसत नाही, आणि म्हणून त्याचा निर्णय वस्तुस्थितीसारखा भासतो.

‘करणे’ हे एक क्रियापद दोहोंच्याही वाट्याला आले आहे. पण तेथेही भेद आहे. घर रिकामे केले म्हणजे ते दुसऱ्यासाठी खुले केले. बॉम्ब निकामी केला म्हणजे त्याची कार्यशक्तीच काढून घेतली. ह्या दुसऱ्या प्रयोगात निकामीपणा इष्ट आहे. यावरून ‘निकामी’ हा शब्द स्वभावतः निंदाव्यंजक नाही हेही ध्यानात येते. वस्तूंच्या बाबतीत तो तांत्रिक वर्णन करतो. माणसाला लावला म्हणजे मात्र तो शिवी बनतो. ‘त्याचा उजवा हात निकामी झाला’ हे वैद्यकीय निवेदन आहे. ‘तो निकामी आहे’ हा माणसाच्या मोलावर दिलेला निकाल आहे.

४

‘रिकामा’ हा मुळात तटस्थ शब्द असला तरी त्याच्याभोवती निंदेची एक छटा जमा झाली आहे, हे नाकारता येत नाही. ‘रिकामटेकडा’, ‘रिकामे उद्योग’, ‘रिकामी उठाठेव’ ही त्याची साक्ष. वडीलधाऱ्या वा मानाच्या व्यक्तीस ‘आपण रिकामे आहात का?’ असे विचारणे शिष्ट समजले जात नाही. ‘सवड आहे का?’ किंवा ‘आपण मोकळे आहात का?’ असे विचारले जाते. दवाखान्यात बसलेला रुग्ण ‘डॉक्टर मोकळे झाले का?’ असे म्हणतो, ‘रिकामे झाले का?’ असे म्हणत नाही. ‘मोकळा’ म्हणजे बंधनातून सुटलेला; त्याच्यामागे नुकतेच संपलेले काम उभे असते. ‘फावला वेळ’ यातील ‘फावणे’ म्हणजे संधी साधणे, अनुकूल होणे. ‘उसंत’ व ‘विसावा’ श्रमानंतर येतात. अशा रीतीने कामाच्या अभावाचे वर्णन करणारे मराठी शब्द एकमेकांपासून काटेकोर अंतर राखून आहेत, आणि त्यांपैकी ज्याच्यामागे कामाची सोबत नाही, त्या ‘रिकामा’वर संशयाची सावली पडली आहे.

तथापि लोकोक्ती बारकाईने वाचल्या तर त्यांतील निंदा रिकामपणावर नसून रिकामपणी केलेल्या निरर्थक कृतीवर असते, असे दिसून येते. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण पाहावी. पूर्वी न्हावी तुंबडी लावून शरीरातील दूषित समजले जाणारे रक्त काढीत. म्हणीतील न्हाव्याजवळ हत्यारे आहेत, कसब आहे, हाताला सवयही आहे. नाही ते फक्त गिऱ्हाईक. म्हणून तो कुडाच्या भिंतीला तुंबड्या लावतो. म्हण त्याला हसते. पण त्याचे कसब संपले असे ती म्हणत नाही. उलट, कसब असलेला हात स्वस्थ बसू शकत नाही, हेच तीतून व्यक्त होते. तो न्हावी रिकामा आहे, निकामी नाही. हा भेद म्हणीच्या रचनेतच आहे; ‘निकामी न्हावी’ असे म्हटले तर म्हणीतील सारी गंमत नाहीशी होते.

५

स्थितिवाचक शब्द निंदावाचक कसा बनतो, ह्याची दोन स्पष्ट उदाहरणे मराठीतच सापडतात. पहिले ‘बेकार’. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘बे’ म्हणजे विना, अशी ह्या फारसी शब्दाची घडण. ‘बेकारी’ हा शब्द अर्थशास्त्रात आजही काम न मिळण्याच्या स्थितीला लावला जातो व त्यात निंदा नाही. पण बोलीत ‘बेकार जेवण’, ‘बेकार रस्ता’, ‘बेकार नाटक’ असे प्रयोग रूढ झाले, आणि तेथे ‘बेकार’ म्हणजे वाईट, टाकाऊ. एकाच शब्दात ‘रिकामा’ आणि ‘निकामी’ हे दोन्ही अर्थ येऊन राहिले. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणास ‘बेकार’ म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असला, तरी ऐकणाऱ्याच्या कानी दुसराही पडतो. ‘बेरोजगार’ हा लांबट शब्द औपचारिक लेखनात पसंत केला जातो, याचे एक कारण हेही असावे.

दुसरे उदाहरण ‘ऐदी’. अकबराच्या सैन्यव्यवस्थेत ‘अहदी’ नावाचे स्वतंत्र घोडेस्वार असत. ते कोणा सरदाराच्या हाताखाली नसून थेट बादशहाच्या चाकरीत असत. त्यांना नित्याचे काम थोडे असे. विशेष प्रसंगी त्यांना बोलावले जाई. ह्या पदवाचक नावावरून ‘ऐदी’ म्हणजे आळशी, अंगचोर असा अर्थ पुढे रूढ झाला. व्यवस्थेने ठरविलेला रिकामपणा माणसाच्या स्वभावात जमा झाला आणि पद विसरले जाऊन दोष तेवढा उरला.

इंग्रजीत हाच प्रवास ‘आयडल’ ह्या शब्दाने केला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ईडेल’ असे होते व अर्थ होता रिकामा, पोकळ. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी झालेल्या बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात सृष्टीच्या आरंभीच्या ओसाड पृथ्वीला हे विशेषण लावलेले आहे. तेथे आळसाचा संबंध नाही. जर्मन भाषेतील ‘आयटेल’ हा त्याच मुळाचा शब्द पोकळ, वृथा गर्विष्ठ ह्या अर्थांकडे वळला. इंग्रजी शब्द मात्र रिकामा, मग निरुपयोगी, मग काम न करणारा, आणि शेवटी आळशी अशा पायऱ्या उतरला. याहून विशेष म्हणजे आज ‘रिकामा’ ह्या अर्थी वापरल्या जाणाऱ्या ‘एम्प्टी’ ह्या इंग्रजी शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. तो जुन्या इंग्रजीतील ‘फुरसत’ अशा अर्थाच्या शब्दापासून निघाला. आरंभी सवड असलेल्या माणसाला लागणारा हा शब्द पुढे भांड्यांना व घरांना लागू झाला. मराठीने जे दोन अर्थ ‘रिकामा’ ह्या एका शब्दात सांभाळले, ते इंग्रजीत दोन शब्दांनी जणू आपसांत बदलून घेतले.

ह्या अर्थांतराला कायद्याचे बळ मिळाले म्हणजे काय होते, तेही इंग्लंडच्या इतिहासात दिसते. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात ‘आयडल’ व बेशिस्त व्यक्ती असा अपराध्यांचा एक वर्गच नमूद केला होता. काम नसणे ही स्थिती अपराधाच्या शेजारी जाऊन बसली. याउलट ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्खोले’ म्हणत आणि त्यापासून शाळावाचक ‘स्कूल’ हा शब्द निघाला. फुरसत म्हणजे विद्येचा अवसर, असा तेथे संकेत होता. १८९४ मध्ये रॅले व रॅम्झी यांनी हवेतील एका नव्या वायूचा शोध जाहीर केला. तो अन्य द्रव्यांशी संयोग पावत नाही, म्हणून ग्रीक भाषेतील ‘काम न करणारा’ ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘आर्गॉन’ हे नाव मिळाले. विजेच्या दिव्यातील तार जपण्यासाठी आणि धातूंच्या जोडकामात तप्त भागाचे हवेपासून रक्षण करण्यासाठी हाच वायू ह्याच गुणामुळे उपयोगी पडतो. तो निष्क्रिय आहे, निकामी नाही.

६

आता रिहे व त्याच्या परिसराकडे वळता येईल. पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील घोटवड्याच्या बाजूस हे गाव आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या ह्या मावळपट्टीत जमिनीचे दोन ठळक प्रकार. सखल भागात बांध घालून केलेली भातखाचरे. आणि डोंगरउतारावरील हलकी, मुरमाड वरकस जमीन. भातखाचर दरवर्षी पिकते. वरकस जमिनीची रीत वेगळी. परंपरागत पद्धतीत तिच्यात एका वर्षी नाचणी, पुढे वरी, नंतर कारळे अशी पिके क्रमाने घेतली जात आणि त्यानंतर काही वर्षे ती ‘पड’ टाकली जाई. त्या काळात तिच्यावर गवत व झुडपे वाढत, मातीचा कस भरून येई, आणि पाळी आली म्हणजे ती पुन्हा लागवडीखाली येई.

येथे ‘पड’ आणि ‘पडीक’ हे दोन शब्द समोर येतात. दोन्ही ‘पडणे’ ह्या एकाच धातूपासून निघाले आहेत आणि कानाला जवळजवळ एकच वाटतात. तरी त्यांचे व्याकरण निरनिराळे आहे. जमीन ‘पड टाकली’ किंवा ‘पड ठेवली’ असे म्हणतात. ह्या वाक्यांना कर्ता आहे. कोणीतरी विचारपूर्वक, ठराविक मुदतीसाठी, पुढील पिकाकडे नजर ठेवून ती तशी राखली आहे. ‘पडीक’ हे विशेषण जमिनीला चिकटते आणि कर्ता नाहीसा होतो. पडीक जमीन ‘आहे’. ती कोणी, केव्हा व का तशी ठेवली हे त्या शब्दातून कळत नाही. ‘पड’ म्हणजे रिकामी जमीन. ‘पडीक’ म्हणजे निकामी ठरलेली जमीन. पूर्वीच्या जोडीतील स्थिती व निर्णय हा भेद येथे जसाच्या तसा उमटला आहे.

पड जमीन ह्या काळात खरोखर रिकामी तरी असते काय? मावळात भाताचा तरवा करण्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत आहे. शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या व गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून ते पावसापूर्वी जाळतात. त्यामुळे तणांचे बी नष्ट होते, माती भुसभुशीत होते आणि रोपांना राखेचे खत मिळते. ह्या राबासाठी लागणारा पाला व फांद्या बऱ्याच अंशी उतारावरील पड जमिनीतून येतात. गुरांचे गवत तेथून येते, चुलीचे सरपणही तेथून येते. म्हणजे खाली खाचरात उभ्या राहणाऱ्या भातामागे वरच्या पड जमिनीचा हातभार असतो. पिकाच्या रकान्यात तिच्या नावे काही दिसत नसले, तरी गावाच्या एकूण व्यवहारात ती कामावर असते.

महसुली भाषेने हा भेद काही प्रमाणात ओळखला आहे. सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदीत ‘चालू पड’ व ‘कायम पड’ असे दोन वेगळे शेरे आहेत. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून ही नोंद करावयाची असते, म्हणजे शब्दाची निवड आता काही अंशी त्याच्याच हाती आली आहे. मात्र त्याच सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ हाही शब्द आहे. गटातील जो भाग लागवडीस अयोग्य समजला जातो व ज्यावर सामान्यतः आकारणी होत नाही, त्याचे हे नाव. आकारणीच्या दृष्टीने ही सोय योग्यच होती. कर न लावण्यासाठी तो भाग वेगळा काढणे अवश्य होते. परंतु कराच्या हिशेबापुरता दिलेला ‘खराब’ हा शेरा वाचणाऱ्यास जमिनीचा गुणधर्म वाटू लागतो. ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा नांगराला खराब. पाणी वाहून नेण्यास, गुरांना सावली देण्यास तो खराब नसतो.

हा शब्दांचा प्रश्न मुळशीत विशेष तीव्र व्हावा, याला कारण आहे. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली ह्या तालुक्यात झालेला सत्याग्रह धरणाखाली बुडणाऱ्या पिकत्या जमिनींसाठी होता. पिकत्या जमिनीचे मोल डोळ्यांना दिसते व तिच्यासाठी लढा उभा राहतो. पड जमिनीचा तोटा मात्र गाजावाजा न होता होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्याच तालुक्यातील हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्योगांची वसाहत वाढली आणि आसपासच्या जमिनींना नवे गिऱ्हाईक मिळाले. बाहेरून येणाऱ्याला उतारावरचे गवत दिसते, त्यामागील पिकांचा क्रम दिसत नाही. तो जमिनीला ‘रिकामी’ म्हणतो. ‘नाही तरी ती पडीकच आहे’ हे पुढचे वाक्य सहज उच्चारले जाते, आणि कधीकधी विकणाऱ्याच्याही तोंडून येते. जमीन विकावी की न विकावी हा धन्याचा निर्णय आहे व त्यास अनेक रास्त कारणे असू शकतात. पण तो निर्णय ‘पड’ ऐवजी ‘पडीक’ हा शब्द उच्चारला गेल्यामुळे होऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. गवत, राबाचा पाला आणि सरपण यांची किंमत शब्दानेच शून्य केली, तर ती सौद्यात धरली जाण्याचा संभव राहत नाही.

७

जमिनीला लागू पडणारा हा विचार माणसांनाही लागू पडतो. भाताच्या शेतीत कामाचा भार वर्षभर सारखा नसतो. आवणीच्या दिवसांत गावात एकही हात मोकळा सापडत नाही. कापणी व झोडणी उरकली की पुढील राबापर्यंत ज्यांना स्वतःची जमीन थोडी, अशांना मिळेल ते काम शोधावे लागते. हे दिवस रिकामे असतात ते कामाच्या अभावामुळे, माणसाच्या गुणामुळे नव्हे.

महाराष्ट्राने हा भेद कायद्यात उतरविला, ही भाषेच्या अभ्यासकानेही नोंद घ्यावी अशी घटना आहे. १९७२ च्या सुमारास दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते मिळालेच पाहिजे, आणि न मिळाल्यास त्याला भत्ता दिला पाहिजे, हे तिचे तत्त्व. काम मागणाऱ्याने आपली लायकी सिद्ध करावयाची नसून, काम पुरविण्याची जबाबदारी शासनाची आहे, असे ह्या कायद्याने मानले. दुसऱ्या शब्दांत, काम मागणारा मनुष्य रिकामा आहे, निकामी नाही, हे गृहीतच कायद्याच्या पायाशी ठेवले गेले. २००५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला.

याच्या उलट उदाहरण जनगणनेच्या सदरांत मिळते. वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणारे ते मुख्य, त्याहून कमी काळ करणारे ते सीमांतिक, आणि उरलेले ‘काम न करणारे’ असे वर्गीकरण २०११ च्या जनगणनेतही होते. केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना ह्या शेवटच्या सदरात होई. आर्थिक उत्पादनाची एक विशिष्ट व्याख्या स्वीकारून हे सदर आखले होते व त्या व्याख्येच्या मर्यादेत ते सुसंगत होते. परंतु सदराचे नाव व्याख्येबाहेर पडून बोलू लागते. पहाटे पाणी भरणारी, सरपण गोळा करणारी, स्वयंपाक करून मुलांचे व वृद्धांचे करणारी स्त्री ‘काम न करणारी’ ठरते. तिच्या बाबतीत तर रिकामपणाही खरा नाही. ‘घरी असते, काही करीत नाही’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य त्याच सदराचा बोलीतील अनुवाद म्हणता येईल.

८

वरील विवेचनावरून प्रयोगासंबंधी काही सूत्रे काढता येतात. हाती काम नाही किंवा आत काही नाही एवढेच सांगावयाचे असेल तेथे ‘रिकामा’ योजावा. आदर राखावयाचा असेल तर ‘मोकळा’ किंवा ‘सवड असलेला’. एखाद्या विशिष्ट प्रयोजनास वस्तू अयोग्य झाली असेल तेथेच ‘निकामी’ योजावा, आणि शक्य तेथे ते प्रयोजनही वाक्यात सांगावे. ‘पंप निकामी झाला’ हे पुरेसे आहे, कारण पंपाचे प्रयोजन एकच. ‘जमीन निकामी आहे’ हे अपुरे आहे. ‘भातासाठी निकामी आहे’ असे म्हटल्यावर ती गवतासाठी उपयोगी असू शकते हा विचार खुला राहतो. मनुष्याला उद्देशून ‘निकामी’ योजण्याचा प्रसंग येऊ नये. आला तर ज्या कामासाठी तो निकामी ठरविला गेला ते काम आणि ठरविणारा कोण, ह्या दोहोंचा उल्लेख वाक्यात असावा.

इंग्रजी ‘आयडल’चे भाषांतर करताना हीच काळजी घ्यावी लागते. इंजिन ‘आयडल’ असेल तर ते रिकामे चालते आहे. भांडवल ‘आयडल’ असेल तर ते गुंतविलेले नाही. कामगार ‘आयडल’ असतील तर त्यांना काम दिलेले नाही. आणि मुलगा ‘आयडल’ असेल तर बहुधा तो आळशी आहे. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत येथे चार प्रतिशब्द लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय भाषांतरकाराला करावा लागतो. जमिनीच्या बाबतीत ‘चालू पड’ हा सोपा व अचूक शब्द शासकीय नमुन्यात आधीपासूनच आहे. रिहेसारख्या गावातील शेतकरी मोबाईलवर पीक पाहणी भरताना तो रकाना निवडतो तेव्हा, ही जमीन आपण राखली आहे आणि तिच्यात पुन्हा पीक घ्यावयाचे आहे, एवढी माहिती त्या दोन शब्दांत नोंदली जाते.